कॉफीचं यंत्र घेताना

(सोसायटीच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडंसं नीटनेटकं करून लिहून दिलं आहे. बोलणं मात्र बोलण्यासारखंच ठेवलं आहे.)



सेक्रेटरींनी मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरचं आर्थिक नियोजन’. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय येणार, असं त्यांना वाटलं असावं. पण मुदत ठेवींचे दर तुम्हा सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. तेव्हा त्यांची परवानगी न घेता मी विषय बदलला आहे. घरी कॉफी करण्याचं विजेचं यंत्र कसं निवडावं, यावर मी आज बोलणार आहे.

हसा, हसा. माळशिरस हे चहाचं गाव आहे हे मला माहीत आहे. पालखीच्या मुक्कामाला आपण सगळे मिळून चहाची पातेली चढवतो, कॉफीची नाही. आणि आज तर हातात मसाला दुधाचे पेले आहेत. पण गेल्या दोन वर्षांत आपल्या चोवीस बिऱ्हाडांपैकी पाच घरांत ही यंत्रं आली. त्यातली तीन आज माळ्यावर आहेत. त्या तिनांतली दोन माझी आहेत. म्हणजे या विषयावर बोलण्याचा अधिकार मी चांगले पैसे मोजून मिळवला आहे.

आधी हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो. समोर सौ. बसली आहे. तिला विचारूनच सांगतोय.

आम्हा दोघांत कॉफी पिणारी ती. मी चहावाला. तिला ही सवय लागली चिकमगळूरला. १९८४ साली बढतीवर माझी तिथे बदली झाली आणि चार वर्षं आम्ही तिथे काढली. शेजारच्या अम्मांनी तिला पितळी फिल्टर वापरायला शिकवलं. भाषेची अडचण होती, पण स्वयंपाकघरात भाषा फारशी लागत नाही. बाबाबुडनगिरीचा डोंगर तिथून जवळच. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाचे सूफी साधू हजला गेले आणि येताना येमेनमधून कॉफीच्या सात बिया लपवून घेऊन आले, अशी तिथली कथा आहे. बिया सात होत्या की सत्तर ते कोण मोजणार, पण तो डोंगर आणि खालचे मळे आम्ही पाहिले.

मळेवाल्यांना कर्ज देणं हे माझं तिथलं काम. त्या काळी मळेवाल्याला आपली कॉफी आपण होऊन बाजारात विकता येत नसे. सगळा माल कॉफी बोर्डाच्या पूलमध्ये जमा करायचा आणि बोर्डाकडून पैसे हप्त्याहप्त्याने यायचे. त्यामुळे आमच्या कर्जाचे हप्तेही त्यांच्या हप्त्यांवर लटकलेले. १९९०च्या दशकात ती पद्धत गेली. पण कॉफीचं बी, रोबस्टा, अरेबिका, पीबेरी, ही सगळी नावं मी पहिल्यांदा शिकलो ती तारण म्हणून. पेय म्हणून नाही.

आपल्या सहकारी संस्थेचा रौप्यमहोत्सव आहे म्हणून जाता जाता एक गोष्ट. शहरांत ‘इंडियन कॉफी हाउस’ असायची, काही ठिकाणी अजून आहेत, ती सहकारी संस्थांची आहेत. कॉफी बोर्डाने १९५०च्या दशकात आपली कॉफी हाउस बंद करायला घेतली तेव्हा कामावरून निघालेल्या वेटर-आचाऱ्यांना ए. के. गोपालन यांनी एकत्र आणलं. १९५७ साली बंगळूरला त्यांची पहिली सोसायटी निघाली. पागोटेवाले वेटर स्वतःच मालक झाले. आपण चोवीस जण मिळून पाण्याची टाकी वेळेवर धुवून घेऊ शकत नाही, तिथे त्या लोकांनी हॉटेलं चालवली. असो. सेक्रेटरी माझ्याकडे बघतायत.

तर सौ.ची रीत अशी. पहाटे पाचला उठायचं. फिल्टरच्या वरच्या भांड्यात पावडर घालायची, दट्ट्याने अलगद दाबायची, उकळतं पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं. तोवर तोंड धुणं, दिवा लावणं. मग खाली थेंब थेंब जमलेलं दाट डिकॉक्शन, त्यात गरम दूध. गॅलरीत बसून एकटीने प्यायची. मी सातला उठतो. सात वाजता माझा चहा टेबलावर असतो. चाळीस वर्षं हे असं चाललं. पुढे पितळी फिल्टरला कल्हई करणारा मिळेना म्हणून स्टीलचा आला, एवढाच काय तो बदल.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत ती बाथरूममध्ये घसरली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, नंतर अकलूजला व्यायामासाठी फेऱ्या. हाड जुळलं, पण अंगठ्याची पकड पहिल्यासारखी आली नाही. स्वयंपाकाला बाई ठेवली. मला वाटलं, संपलं प्रकरण.

पालखी येऊन गेली त्या आठवड्यात मी कशासाठी तरी कॉफीचा डबा उघडला. आत पावडरीचा दगड झाला होता. मी विचारलं, “अगं, कॉफी अशी कशी झाली?”

“सोडली मी.”

“केव्हा?”

“हात मोडला तेव्हा.”

फिल्टरची दोन भांडी एकमेकांत घट्ट बसतात. गरम असताना ती सोडवायला दोन्ही हातांत जोर लागतो. ते तिला जमेना. छोट्या पातेल्यात अर्धा कप चहा डाव्या हाताने होत होता, म्हणून ती चहा पीत होती. तिला चहा आवडत नाही. आणि हे मला कळलं नव्हतं. मधे मी दोनदा पुण्याला जाऊन आलो, तिने ‘पावडर आणा’ असं सांगितलं नाही, तेही माझ्या लक्षात आलं नाही. कर्जदाराने दोन हप्ते चुकवले की त्याच्या घरी जाऊन बसणारा माणूस मी, आणि घरात चार महिने थकलेली बाकी मला दिसली नव्हती.

मी म्हटलं, “उद्यापासून मी करून देत जाईन.”

ती म्हणाली, “पाच वाजता?”

मी गप्प बसलो. मग तीच म्हणाली, “अहो, तुम्ही कराल हो. पण मला माझी मी करून प्यायची असते. कुणाला उठवून, कुणाची वाट बघून नाही.”

म्हणून यंत्र. घरात एक वस्तू आली, मौज म्हणून आली, असं ते नव्हतं. एका हाताने, पहाटे पाच वाजता, कुणाच्या मदतीशिवाय कॉफी झाली पाहिजे, ही अट होती. पण खरं सांगतो, ही अट मी स्वतःच पुढचे तीन-चार महिने विसरलो होतो.

मुलगा न्यू जर्सीला असतो. त्याला फोनवर सांगितलं. दिवाळीला येताना त्याने तिकडचं मोठं, काळंभोर, घड्याळ असलेलं यंत्र आणलं. बारा कपांचं. आम्ही दोघं! त्याला भारतातला प्लग बसत नव्हता म्हणून मी चौकातून अडॅप्टर आणला, लावला, बटण दाबलं. फट् आवाज झाला, जळका वास आला आणि घरातला दिवा गेला. मुलगा म्हणाला, “बाबा, थांबा म्हणत होतो ना!”

ज्यांची मुलं-सुना अमेरिकेत आहेत त्यांनी हे नीट ऐका, कारण माळ्यावरचं तिसरं यंत्रही याच कारणाने गेलं आहे. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. अडॅप्टर फक्त प्लगच्या पिना बदलतो, व्होल्ट बदलत नाही. मोबाइलचा चार्जर दोन्हीकडे चालतो म्हणून आपल्याला वाटतं सगळंच चालेल. तापणाऱ्या वस्तूंचं तसं नाही. दाब जवळजवळ दुप्पट झाला की त्या तारेत साडेतीन पटीहून जास्त वीज जळते. नऊशे वॉटचं यंत्र क्षणभर तीन हजार वॉटांच्या वर जातं आणि मरतं. ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतं, पण एवढ्या वॉटचा ट्रान्सफॉर्मर वजनाला आणि किमतीला यंत्राच्या वर. मुलांना सांगा, तिकडून बदाम आणा. यंत्र इथेच घ्या. यंत्राच्या बुडाखाली व्होल्टचा आकडा छापलेला असतो, २२० ते २४० लिहिलेलं पाहिजे.

दुसरं यंत्र मी घरबसल्या मागवलं. सवलतीत होतं. आलं, लागलं, दिवा गेला नाही. पण कॉफी कशी? तांबूस पाणी. सौ.ने एक घोट घेतला आणि म्हणाली, “पाहुण्यांना चालेल.” यापेक्षा वाईट शेरा तिच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

मग मात्र मी हे प्रकरण कर्जाच्या प्रस्तावासारखं वाचायला घेतलं. वेळ भरपूर होता.

ड्रिप म्हणजे ठिबक. आपल्या तालुक्यात हे समजावून सांगायला नको. उसाला ठिबक करण्यासाठी मीच कितीतरी कर्जं मंजूर केली आहेत. आपला दक्षिणी फिल्टर हाही ठिबकच. पाणी आपल्या वजनाने पावडरीतून खाली झिरपतं. युरोपात १९०८ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन गावच्या मेलिटा बेंट्झ या बाईंनी हेच केलं. कॉफीत गाळ येतो म्हणून वैतागून त्यांनी पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोकं पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद आत घातला. कागदी फिल्टर तिथून आला, पुढे त्यांच्या नावाची मोठी कंपनी झाली. हे मी सौ.ला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “मुलाने वही शोधली असेल.” विजेवरचं पहिलं ठिबक यंत्र जर्मनीतच १९५४ साली आलं आणि १९७०च्या दशकात अमेरिकेत घरोघर गेलं.

आत काय असतं? फारसं काहीच नाही. एक पाण्याची टाकी, तिच्या तळाशी तापणारी नळी, आणि पाणी उलटं जाऊ नये म्हणून एक झडप. नळीतलं पाणी उकळलं की बुडबुडे पाण्याला वर ढकलतात, ते पावडरीवर पडतं आणि गाळून खाली जगात येतं. पंप नाही, मोटर नाही. म्हणून हे यंत्र बिघडतं कमी, आणि म्हणूनच बाहेरून चकचकीत केलेल्या दोन यंत्रांत आत फारसा फरक नसतो. फरक असतो तो पाणी किती गरम पडतं आणि किती वेळात पडतं यात.

जाणकारांचं गणित असं आहे. पाणी ९२ ते ९६ अंशांच्या दरम्यान पाहिजे. पावडरीचा आणि पाण्याचा सहवास चार ते आठ मिनिटं. त्याहून थंड पाणी पडलं तर कॉफी आंबट आणि फिकी, फार वेळ लागला तर कडू. आता हे दुकानात कसं कळणार? खोक्यावर अंश लिहिलेले नसतात. पण वॉट लिहिलेले असतात आणि लिटर लिहिलेले असतात. तेवढं पुरतं.

सव्वा लिटर पाणी ९५ अंशांपर्यंत तापवायला सहाशे वॉटच्या यंत्राला दहा मिनिटांच्या वर लागतात. तेच हजार वॉटला सहा मिनिटं. सहाशे मिलिलिटर पाण्याला सहाशे वॉट पाच मिनिटांत पुरतात. म्हणजे यंत्र लहान की मोठं हा प्रश्नच नाही. जग मोठा आणि वॉट कमी असं यंत्र घ्यायचं नाही. मी सवलतीत घेतलेलं यंत्र नेमकं तसंच होतं. भांडवल कमी आणि उलाढाल मोठी दाखवणारा धंदा. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी परत पाठवला असता.

आणि खोक्यावरच्या कपांवर जाऊ नका. यंत्राचा कप म्हणजे सव्वाशे ते दीडशे मिलिलिटर काळी कॉफी. आपण दूध घालतो. इथेच आपली गल्लत होते. हे यंत्र मुळात काळी कॉफी पिणाऱ्यांसाठी जन्माला आलं आहे. त्यांचं प्रमाण लिटरला साधारण ५५ ते ६० ग्रॅम पावडर. त्या कॉफीत आपण अर्धं दूध घातलं की होतं ते पाहुण्यांना चालणारं पेय. आपल्याला दूध घालायचं असेल तर पावडर जवळजवळ दुप्पट आणि पाणी कमी. आम्ही आता तीनशे मिलिलिटर पाण्याला तीस ग्रॅम घालतो. फिल्टरइतकं दाट डिकॉक्शन त्यातून येत नाही, येणारही नाही, पण दूध पेलतं.

म्हणून यंत्र घेताना पावडरीची टोपली बघा. ती उथळ आणि सपाट असेल तर थोड्या पावडरीचा पातळ थर पसरतो आणि पाणी वरच्यावर निघून जातं. दोन माणसांच्या घराला खाली निमुळती होत जाणारी टोपली बरी. आणि तीस-चाळीस ग्रॅम पावडर ओली होऊन फुगली तरी मावेल एवढी खोल पाहिजे. दुकानदाराला खोकं उघडायला लावा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

पावडर हा वेगळाच विषय आहे, आणि यंत्राच्या अर्ध्या तक्रारी खरं तर पावडरीच्या असतात. एकदा मी फिल्टरचीच नेहमीची बारीक पावडर, चिकोरी भरपूर असलेली, यंत्रात घातली. चिकोरी पाणी धरते, चिकट होते. कागद तुंबला, टोपली भरली आणि सगळा काळा लगदा ओट्यावरून खाली वाहिला. स्वयंपाकाच्या बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तेव्हा यंत्रासाठी पावडर जाडसर, रव्यासारखी, दळून घ्यायची. चिकोरी शंभरात वीसच्या आत. पुडक्यावर कॉफी किती आणि चिकोरी किती ते छापावंच लागतं, आणि चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते. चष्मा लावून वाचा. स्वस्त पुडक्यात तुम्ही जवळजवळ निम्मं मूळ विकत घेत असता. चिकोरी वाईट असं मी म्हणत नाही, मूळ भाजून दळलेलं असतं, डिकॉक्शनला रंग आणि दाटपणा देतं, पण कॉफीच्या भावात का घ्यायचं? आपल्याकडे ताजी दळून देणारं दुकान नाही. मी पुण्याहून पाव-पाव किलो आणतो. जास्त आणून ठेवली की दगड होतो, ते तुम्हाला सांगितलंच.

इथपर्यंतचं सगळं शिकून मी तिसरं यंत्र घ्यायला सोलापूरला गेलो. या वेळी सौ.ला बरोबर नेलं. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

मी यादी घेऊन गेलो होतो. वॉट, लिटर, टोपली, सगळं. सर्वांत चांगलं म्हणून मी एक यंत्र निवडलं, त्याला काचेच्या जगाऐवजी स्टीलचा थर्मास होता. कारणही बरोबर होतं. काचेच्या जगाखाली तापती तबकडी असते, तिच्यावर अर्धा तास कॉफी ठेवली की ती आटते, करपट आणि कडू होते. थर्मासमध्ये ती तशीच राहते. सौ.ने तो थर्मास पाणी भरून डाव्या हाताने उचलला आणि परत ठेवला. “जड आहे.” दुसऱ्या यंत्राचं झाकण उघडायला खटका दाबून धरायचा आणि त्याच वेळी वर ओढायचं, म्हणजे दोन हात. तिसऱ्याला सात बटणं आणि इंग्रजी अक्षरं मुंगीएवढी. दुकानातला मुलगा तिला सांगत होता, “आजी, यात रात्री भरून ठेवायचं, पहाटे पाचला आपोआप कॉफी तयार.” मला ते फार पटलं. ती म्हणाली, “मग मी काय करू?”

त्या टायमरबद्दल माझंही मत नंतर बदललं. रात्री वीज गेली की घड्याळ बारावर येऊन लुकलुकत बसतं, आणि आपल्याकडे वीज जाते. शिवाय रात्रभर टोपलीत उघडी राहिलेली पावडर पावसाळ्यात दमट होते. ज्यांना सकाळी लवकर ड्यूटी आहे त्यांनी घ्यावा.

शेवटी तिने निवडलं ते दुकानातलं जवळजवळ सर्वांत साधं यंत्र. साडेसहाशे वॉट, सहाशे मिलिलिटर, एकच बटण, दाबलं की लाल दिवा. टोपली दारासारखी बाजूला उघडते, एका बोटाने. जग काचेचा पण हलका, आणि त्याचा कान मोठा, चार बोटं आत जातात. पाणी ती जगाने भरत नाही; छोट्या तांब्याने दोनदा ओतते. माझ्या यादीतली एक गोष्ट मी सोडली नाही, ती म्हणजे अर्ध्या तासाने तबकडी आपोआप बंद होणं. ती देवपूजेला बसली की जगाचा विसर पडतो, आणि रिकामा जग तबकडीवर तडकतो. किंमत तीन हजारांच्या आत. दोन चुकलेल्या यंत्रांचे पैसे धरले तर बरीच जास्त, पण ती बुडीत खाती मी माझ्या नावावर टाकली आहेत.

विजेची काळजी करू नका. साडेसहाशे वॉट पाच मिनिटं म्हणजे एका युनिटमध्ये अठरा वेळा कॉफी होते. तबकडी तापत ठेवली तर मात्र हा हिशोब चुकेल. आणि हे यंत्र घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर लावू नका.

कागद की जाळी हा प्रश्न मला वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारला होता. कागदातून आलेली कॉफी स्वच्छ असते, आणि कोलेस्टेरॉल वाढवणारी कॉफीतली तेलं कागदात बरीचशी अडकतात. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी कागद घ्यावा आणि कॉफी किती प्यायची ते डॉक्टरांना विचारावं. जाळी पुन्हा पुन्हा वापरता येते, कागद आणायची कटकट नाही, आणि डिकॉक्शन थोडं दाट येतं. पण कागद वापरणार असाल तर तो कुठल्या मापाचा लागतो ते आधी बघा. माझ्या पहिल्या यंत्राच्या मापाचे कागद इथे कुठेच मिळत नव्हते. आम्ही जाळी वापरतो. सौ.चे रिपोर्ट चांगले आहेत, माझे नाहीत, पण मी चहाच पितो.

आता पाण्याचं. हे सगळ्यांत महत्त्वाचं आणि कुणीच सांगत नाही. आपल्या बोअरच्या पाण्याने गिझरची काय अवस्था होते ते प्रत्येकाने पाहिलंय. त्या यंत्राच्या आतली नळी करंगळीएवढी असते. दोन महिन्यांत आत पांढरा थर बसतो, पाणी हळू येतं, गुरगुर वाढते, कॉफी बेचव होते, आणि आपण म्हणतो यंत्र खराब निघालं. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. ठिबकच्या नळ्या क्षाराने तुंबल्या की तो आम्ल सोडून धुतो. इथेही तेच करायचं, फक्त किराणा दुकानातल्या लिंबूसत्त्वाने. अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा, ते टाकीत घालून यंत्र चालवायचं, मधेच बंद करून पंधरा मिनिटं मुरू द्यायचं, मग पुन्हा चालू करायचं. त्यानंतर दोनदा नुसत्या पाण्याने. महिन्यातून एकदा. मी कॅलेंडरवर पहिल्या तारखेला खूण करतो, पेन्शनच्याच दिवशी. हे काम माझं.

आरओचं पाणी वापरलं तर थर बसत नाही, पण चव जरा सपाट लागते. आम्ही अर्धं ते आणि अर्धं नळाचं गाळलेलं घालतो. माळ्यावरचं माझं दुसरं यंत्र मी असं धुवून पाहिलं. त्यातलं पाणी सुधारलं, कॉफी नाही. कुणाला काळी कॉफी प्यायची असेल तर फुकट घेऊन जा.

सौ.चं मत विचाराल तर फिल्टरची सर यंत्राला नाही. मी गुण विचारले तर म्हणाली पासष्ट. म्हणजे पहिला वर्ग, विशेष प्रावीण्य नाही. हात थोडा सुधारला आहे, मधे एकदा तिने फिल्टर खाली काढून पुसून ठेवला. मी काही बोललो नाही.

पहाटे पाचला मला आता अर्धवट झोपेत स्वयंपाकघरातून गुरगुर ऐकू येते. टाकीतलं शेवटचं पाणी वर चढताना यंत्र जोरात गुरगुरतं, तक्रार केल्यासारखं. काही जणांना तो आवाज आवडत नाही, तेव्हा घेण्यापूर्वी दुकानात चालू करून ऐका. मी कूस बदलतो आणि सातपर्यंत झोपतो.

ते यंत्र आम्ही आज खाली आणलंय, त्या कोपऱ्यातल्या टेबलावर आहे. दूध आहे, पावडर आहे, ज्यांना चव बघायची असेल त्यांना सौ. स्वतः करून देणार आहे. एका वेळी चारच कप होतात, तेव्हा रांग लावा. अडचण एकच आहे, हॉलमध्ये प्लग एकच चालू आहे आणि तो या स्पीकरला लावलाय. दुसऱ्या प्लगची तक्रार मी मार्चमध्ये कमिटीकडे लेखी दिली आहे. तेव्हा स्पीकर बंद करावा लागेल. मी थांबतो.